नवनिरक्षरांसाठी चीन

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पूर्वी नवसाक्षरांसाठी पुस्तकं मिळायची. मोठा ठळक टाइप, पानावर चार ओळी, शेजारी बैलाचं चित्र. हे टिपण त्याच धर्तीचं, पण नवनिरक्षरांसाठी. नवनिरक्षर म्हणजे मुखेड तालुक्यातला तो बी. कॉम. तरुण, जो नोकरीसाठी चीनला जातो आणि विमानातून उतरताक्षणी अडाणी होतो. मी या वर्गाचा जुना विद्यार्थी. झेजियांग प्रांतातल्या यीवू गावी एका निर्यात एजंटाकडे माल तपासायच्या कामावर होतो. माझ्या नापासपणाचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

सूचना १. निघण्याआधी आजीपाशी बसा

व्हिसा, इन्शुरन्स, लोणच्याची बरणी हे सगळं नंतर. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. मुखेडच्या स्टँडवर ती बोर्डाकडं बघायचीसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या बाईला विचारायची, "ही यष्टी कुठं जालाली माय?" मग थोडं पुढं जाऊन तेच दुसऱ्या कुणाला तरी. दोन उत्तरं जुळली तरच पाय उचलायचा. नोटा रंगावरून ओळखायची, गोळ्या आकारावरून, माणसं चालीवरून. देगलूरला निघालेली ही बाई उभ्या जन्मात कधी उदगीरला उतरली नाही.

मी तिसऱ्याच दिवशी यीवूत उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो. चौथ्या दिवशी मीठ म्हणून आणलेली पुडी अजिनोमोटो निघाली. आजीनं ती दुकानातच फोडून जिभेवर ठेवली असती. मी पदवीधर, मी पुडीवरच्या चित्रावर विश्वास ठेवला.

सूचना २. जाणं आणि पोहोचणं

मुखेडला रेल्वे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, हेही माहीत आहे. तिथून पुढं जाताना मार्ग नीट बघून घ्या. २०२० साली बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५मध्ये कुठं पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात आम्ही तिसऱ्याच देशातल्या विमानतळांवरच्या खुर्च्या मोजत गेलो.

हॉटेलात न उतरता खोलीवर राहणार असाल तर पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत पोलिस ठाण्यात नोंद करायची. आपल्याकडं ठाण्याची पायरी चढू नये असं घरातली मोठी माणसं सांगतात. तेव्हा घरी फोनवर "पोहोचलो, आता पोलिस स्टेशनला निघालो" असं वाक्य चुकूनही बोलू नका. मी बोललो. संध्याकाळपर्यंत गल्लीत मला अटक झाली होती.

सूचना ३. भाषा

चिनी भाषेत शब्द पाठ करून भागत नाही, चालही पाठ करावी लागते. एकाच 'मा'ची चाल बदलली की आई, ताग, घोडा आणि शिव्या घालणं असे चार अर्थ होतात. नवशिक्यानं कुणाच्याही आईविषयी बोलू नये.

व्यापाऱ्याला लागणारे शब्द दोन, आणि दोन्ही 'माइ'. आवाज खाली जाऊन पुन्हा वर उचलला तर विकत घेणं. आवाज वरून धाडकन खाली पडला तर विकणं. पुण्या-मुंबईची पोरं यात महिनोन्महिने अडकतात. आपल्याला एका दिवसात जमतं. सोयाबीनची पोती घेऊन मोंढ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला विकताना आवाज कसा पडतो हे शिकवावं लागत नाही. घेणाऱ्याचा वर कसा चढतो, तेही त्यानं तिथंच ऐकलेलं असतं.

आणखी एक सोय आहे. तिकडं भेटल्यावर जुनी माणसं विचारतात, "नी ची ल मा?" म्हणजे जेवलास का? हुबेहूब आपलं. फरक एवढाच की तिथं "जेवलो" म्हणून पुढं जायचं असतं. मी पहिल्यांदा "अजून नाही" म्हणालो. बिल्डिंगचा म्हातारा वॉचमन गोंधळला आणि त्यानं स्वतःच्या डब्यातला अर्धा बन काढून दिला. त्या बनात काय होतं ते सहाव्या सूचनेत.

सूचना ४ नाही. चिनी भाषेत चार आणि मृत्यू यांचे उच्चार जवळजवळ सारखे. म्हणून अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटणच नसतं. माझी खोली पाचव्या मजल्यावर होती. खालपासून मजले मोजत गेलं की ती चौथ्यावर भरायची.

सूचना ५. बोटं

एक ते दहा आकडे तिथं एकाच हातावर दाखवतात. आपल्याकडं बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, मोंढ्यातही हत्ता पद्धत होती, त्यामुळं हातानं बोलण्याचा संस्कार आपल्या रक्तात आहे असं मला वाटायचं. पाचापर्यंत तो उपयोगी पडला. अंगठा आणि करंगळी ताणली की सहा. पाची बोटांची टोकं जुळवली की सात. अंगठा आणि तर्जनी उघडली की आठ. तर्जनी आकड्यासारखी वाकवली की नऊ. नुसती मूठ म्हणजे दहा, भांडण नव्हे.

आता अंगठा आणि तर्जनी, ही आपल्या हिशेबानं दोन बोटं. एका दुकानदार बाईंनी प्लास्टिकच्या फुलांच्या माळेचा भाव असा दाखवला. मी दोन युआन समजून मोठ्या रुबाबात दीडवर आणायला बघितलं. बाई हसल्या. मी एक सत्तरवर आलो. बाईंनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून आणलं. मी त्याच्यासमोरही एक सत्तर म्हणालो. शेवटी त्यांनी कॅल्क्युलेटरवर ८ दाबून माझ्यापुढं धरला. तेव्हापासून कॅल्क्युलेटर हीच माझी मातृभाषा.

सूचना ६. खाणं आणि पिणं

शाकाहारी माणसानं "वो ची सू" हे तीन शब्द गोंदवून घ्यावेत. तरीही ताटातल्या घेवड्यात बारीक खिमा असतोच. चवीपुरता घातलाय, तो काय मांसात धरायचा, असा त्यांचा प्रामाणिक चेहरा असतो. वॉचमनच्या बनात डुकराचं मांस होतं. मी अर्धा खाऊन झाल्यावर विचारलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून उरलेला खिशात घातला आणि दिवसभर अंगाला वास घेऊन फिरलो.

मुखेडची ओळख सांगताना सर्पदंशाच्या उपचारांची सांगायचा मोह होतो. डॉ. दिलीप पुंडे यांचं काम आहेच तसं. पण ग्वांगदोंगकडच्या माणसाशी बोलताना जपून. तिकडं सापाचं सूप ही जुनी चाल. तुमच्याकडं साप पुष्कळ, एवढंच त्याच्या डोक्यात राहतं.

पाणी गरम मिळतं. जून महिन्यात, घामानं निथळताना, गरम. स्टेशनावर नळ गरम पाण्याचा, रेल्वेच्या डब्यात गरम पाण्याचा. ताप असो की मन खट्टू असो, औषध एकच. तक्रार करू नका. पहिल्या वर्षी मी बर्फ शोधत होतो, दुसऱ्या वर्षी थर्मास विकत घेतला.

आणि ज्वारी. ज्वारी ही भाकरीसाठी असते असं मानणाऱ्या तालुक्यातून आपण जातो. चिनी माणूस तिची 'बाइज्यू' नावाची दारू करतो. रंग पाण्याचा, वास रंगाच्या डब्याचा, ताकद बहुधा पन्नास टक्क्यांच्या वर. मालकाबरोबरच्या जेवणात "गानबेइ" म्हणजे पेला कोरडा करा, असं फर्मान निघतं. पीत नसाल तर चहाचा कप उचला, पण टेकवताना तो वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा खाली धरा. वाकून नमस्कार करणाऱ्या हाताला हे आपोआप जमतं. शेजारचा माणूस तिसऱ्या पेल्यानंतर मला विचारत होता, तुमच्याकडं या धान्याचं काय करता? मी हातानं थापून दाखवलं. त्याला वाटलं मी टाळ्या मागतोय. सगळ्या टेबलानं वाजवल्या.

सूचना ७. बाजार

यीवूच्या घाऊक बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. एका गाळ्यावर तीन मिनिटं आणि दिवसाचे आठ तास धरले, तर सुट्टी न घेता ४६९ दिवस लागतील. म्हणजे सव्वा वर्ष. हा हिशेब मी पहिल्या आठवड्यात, पाय गरम पाण्यात बुडवून केला.

पण दडपून जाऊ नका. या गावची सुरुवात आपल्या ओळखीची आहे. इथले फेरीवाले गुळसाखर घेऊन खुळखुळा वाजवत गावोगाव फिरायचे आणि साखरेच्या बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायचे. आपल्याकडं जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण येते, मोडक्या लोखंडावर सोनपापडी मिळायची, तेच हे. १९८२मध्ये तिथल्या प्रशासनानं रस्त्याकडेच्या विक्रेत्यांना रीतसर बाजार भरवू दिला, त्याचं आज हे झालंय. माळेगावच्या यात्रेत भाच्याला घेऊन दिलेली दिव्याची भिंगरी मला इथं भेटली, कार्टनात १,४४० नग. तिचा इथला भाव मी बहिणीला अजून सांगितलेला नाही.

सूचना ८. घरी फोन

व्हॉट्सॅप तिकडं बंद. तिकडचं वीचॅट भारतानं २९ जून २०२०ला ५९ अ‍ॅपच्या यादीत घालून बंद केलं. मधल्या मधे आई. रोमिंगचं भारतीय सिम चालू ठेवा. आपलं घड्याळ अडीच तास मागं. साडेनऊला मालिका संपवून आई फोन लावते तेव्हा तिकडं रात्रीचे बारा. प्रश्न ठरलेला: "काय करलालास?" झोपलो होतो, असं सांगू नये.

सूचना ९. आधी गेलेला माणूस

आपण 'यिंदू'चे, म्हणजे भारतातले, असं कळलं की तरुण पोरं आमिर खान म्हणतात. 'दंगल' २०१७मध्ये तिकडं तुफान चालला, तेव्हापासून आपण सगळे पैलवान. म्हातारी माणसं मात्र कधीकधी "के दीहुआ" म्हणतात. ते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, चिनी शिकले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी गेले. चार वर्षांत ते चिनीतून बोलत होते, शिकवत होते. मी दोन वर्षांत मीठ आणि अजिनोमोटो एवढाच भेद शिकलो. के दीहुआ ऐकलं की मान हलवावी आणि विषय वाढवू नये.

सूचना १०. परत आल्यावर

मुखेडच्या स्टँडवर उतराल. सगळे बोर्ड वाचता येतील, आठवडाभर तुम्ही ते उगाच मोठ्यानं वाचत हिंडाल. अशात कुणी म्हातारी जवळ येऊन "ही गाडी कुठं जालाली बाबा?" म्हणून विचारेल. बोर्डाकडं बोट दाखवू नका. गाडीपर्यंत जा तिच्याबरोबर. आणि तिनं पुढच्या माणसाला तेच पुन्हा विचारलं तर रागावू नका.