विझण्याची परीक्षा

2004 साली न्यूयॉर्क राज्यानं सिगारेटीला सक्ती केली, की कुणी ओढत नसेल तर तिनं आपणहून विझायचं. पुढच्या वर्षी कॅनडानं तोच नियम केला आणि 2011 मध्ये सगळ्या युरोपीय संघानं. पेंगुळलेल्या माणसाच्या बोटांतून निसटलेली सिगारेट गादीत गुपचूप धुमसत राहते आणि घर पेटवते, म्हणून हा खटाटोप. सिगारेटीच्या कागदावर मध्ये मध्ये स्टार्चचे किंवा अल्जिनेटचे पट्टे देतात. निखाऱ्याच्या किंचित पुढचा कागद तापतो, दोनशे अंशांच्या पुढे तपकिरी पडतो, त्याची छिद्रं रुंदावतात आणि हवा आत शिरते. आग अशी आपली वाट आपणच मोकळी करत जाते. पट्ट्यापाशी ती अडते. म्हणूनच कोऱ्या, थंड कागदाची मापं घेऊन भागत नाही. तापल्यावर पट्टा किती तग धरतो, ते पाहावं लागतं. मग परीक्षा: गाळणकागदाच्या दहा थरांवर 40 सिगारेटी पेटवून ठेवायच्या. त्यांतल्या निदान 30 तरी अर्ध्यावर विझल्या पाहिजेत. हाती घेतलेलं अर्धवट सोडणाऱ्याला उत्तीर्ण करणारी ही जगातली बहुधा एकमेव परीक्षा. माझ्या शाळेत ती असती तर मी पहिला आलो असतो. (ओढणाऱ्याच्या फुप्फुसांना मात्र या पट्ट्याचा काडीचाही उपयोग नाही.)

दिघीत आमच्या शेजारचे आप्पा ही परीक्षा रोज घेतात, तीही विडीची. टेकडीकडे संरक्षण खात्याचे शास्त्रज्ञ रणगाडे पेलणारे पूल घडवतात. इकडे आळंदी रस्त्यावरच्या टपरीशी आप्पांची विडी विझत असते. गोंदिया-गडचिरोलीच्या रानातलं तेंदूचं पान मुळातच घट्ट, त्यातून हवा सहजी जात नाही. विडी म्हणजे जुन्या मैफलीतला गवई. दाद थांबली की तोही थांबला. आणि आप्पांचं तर दाद देण्याकडे लक्षच नसतं. पालखी याच रस्त्यानं पुण्याकडे निघते. पूर्वी दोन्ही बाजूंना कशी शेतं होती, पालखीच्या दिवशी माउलींच्या रथामागून काकू कशा थेट विश्रांतवाडीपर्यंत चालत जायच्या, हे सांगताना विडी बोटांत नुसतीच राहते. काकू गेल्यापासून ती जरा जास्तच वेळा विझते.

टपरीच्या खांबाला सुंभ लोंबतो. सैल काथ्या, आत हवाच हवा. सकाळी पेटवला की दिवसभर धुमसतो. आप्पा उठतात, विडी त्याला टेकवतात, परत येऊन गोष्ट पुढे नेतात. मी त्यांना पट्ट्यांचं सगळं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या विडीला हे कुणी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले, आणि सुंभाकडे बोट दाखवलं, "फक्त याला कुणी पट्टा लावू नका म्हणजे झालं."