बावन्नदाती

वसमत रोडला राहणाऱ्या आमच्या सरांची रेसिंग सायकल गेली अकरा वर्षं विकाऊ आहे. फाटकावर तशी पाटी आहे. पावसात खडू ओघळला की सर ती पुन्हा लिहून काढतात, किमतीसकट. जन्मभर ड्रिल शिकवलेला माणूस. ओळ वाकडी गेलेली चालत नाही.

सायकल मात्र सगळीच वाकडी. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, टाचेएवढी कातडी सीट, ना मडगार्ड, ना कॅरियर, ना स्टँड. जिच्यावर ज्वारीचं पायलीभर पीठ दळून आणता येत नाही, त्या वाहनाला परभणीकरानं सायकल तरी का म्हणावं? चाकाचा व्हॉल्व्ह इतका बारीक, की नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. सरांकडे वेगळा पंप आहे. तो विकाऊ नाही.

“सर, विकायलेत का नाई नेमकं?” असं गल्ली विचारते. सर म्हणतात, “गिऱ्हाईक तर येऊ दे.”

गिऱ्हाईक येतं. सर आधी त्याच्या पोटऱ्या न्याहाळतात. मग सायकल कडुनिंबाखाली येते आणि व्याख्यान सुरू होतं. मे महिना, पारा बेचाळीसला, आलेल्याला नुसतं पाणी हवंय. आणि सर सांगतायत इटलीतल्या बर्फाची गोष्ट. घाटात सायकलपटू तुल्लिओ काम्पान्योलोची बोटं गोठली, चाकाचे नट सुटेनात, शर्यत हुकली. त्या चिडीतून एक कळ उलटली की चाक सुटावं अशी युक्ती निघाली, ही सायकलवाल्यांची लाडकी दंतकथा. १९३३ साली त्यानं विचेंझाला कारखाना काढला, हे मात्र दंतकथेतलं नव्हे. इथं सर कळ उलटतात. चाक हातात येतं.

“म्हंजे कुनी बी काढून नेईल की!” एकजण म्हणाला होता. त्याला चहा मिळाला नाही.

पुढचा अध्याय मुंबई-पुणे शर्यतीचा. १९४५ पासूनची परंपरा, बोरघाट, ‘घाटाचा राजा’ हा किताब. सर स्वतः त्या शर्यतीत उतरले होते का, हे विचारायचं नसतं. जिंतूरला नेमगिरीचा चढ त्यांनी न उतरता चढलाय, एवढं ते आपणहून सांगतात.

मागच्या महिन्यात मात्र खरा पारखी आला. बैलबाजारातला हेडी, नातवासाठी सायकल बघत होता. सवयीनं त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, “दाती किती?”

सरांचे डोळे चमकले. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “पुढं बावन्न. मागं सगळ्यात लहान चक्र चौदाचं. पायडलचा एक फेरा, की गाडी पावणेआठ मीटर पुढं!”

“आमच्यात आठ दातांवर बैल जुळतो,” हेडी म्हणाला, “ही तर बावन्नदाती!”

लाल कंधारी खोंडाभोवती फिरावं तसा तो सायकलीभोवती फिरला. फ्रेमवर थाप मारली, पायडल फिरवून छर्ऱ्यांचा आवाज ऐकला, एका बोटावर गाडी उचलून पाहिली. मग हातावर उपरणं टाकून त्यानं हात पुढं केला. सरांना कळेना. मी कानात सांगितलं, “बोटं धरा.” उपरण्याखाली बोटं दाबली गेली आणि सरांचा चेहरा पडला. पाटीवरची किंमत. रुपया कमी नाही.

घासाघीस करणाऱ्याला हाकलता येतं. पुरे पैसे देणाऱ्याचं काय करायचं?

“मागची रिम जरा डगडगते,” सर म्हणाले.

“करून घिऊ.”

“सीट फार कडक. फोड येतात.”

“पोरगं तरणं हाय.”

“गिअर टाकताना चेन उतरते कधीकधी.”

“बैल बी बसतो कधी.”

सरांनी आवंढा गिळला. “पंप मिळणार नाही.”

हेडीनं सरांकडं निवांत पाहून घेतलं, बाजारात बघतात तसं. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. “ऱ्हाऊ द्या गुरुजी,” म्हणाला, “च्या तरी पाजा.”

सरांनी त्याला दोनदा चहा पाजला. तो गेल्यावर त्यांनी पाटी उतरवली, तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. सरांनी ओला फडका फिरवला, किंमत पाचशेनं वाढवली आणि खाली नवी ओळ घातली: दात ५२.