बालोपयोगी वस्तूंविषयी काही मते

अपत्यप्राप्तीपूर्वी ज्या गृहस्थाला चहातील साखरेखेरीज कोणत्याही विषयावर ठाम मत नसते, तोच गृहस्थ घरात पाळणा हलू लागल्यापासून महिन्याभराच्या आत दुपटे, दूध, डास, दात आणि दृष्ट या पाचही बाबतींत सविस्तर निकाल देऊ लागतो, आणि त्या निकालांवर अपील चालत नाही अशी त्याची मनोमन समजूत असते. कोल्हापुरात ही समजूत फार दिवस टिकत नाही. या करवीरनगरीत मूल जन्माला एका घरात येत असले तरी त्याच्या संगोपनाची मुखत्यारी सबंध पेठेकडे असल्यामुळे, महाद्वार रोडवरून मुलाला खांद्यावर घेऊन जाणाऱ्या बापाला गजरेवाली, रिक्षावाला किंवा नुसताच कट्ट्यावर बसलेला एखादा इसम यांपैकी कोणीही थांबवून ‘मान धरा की वो पोराची’ असा हुकूम फर्मावू शकतो. आणि त्या हुकुमाची तामिली जागच्या जागी न झाल्यास ‘पयलंच दिसतंय’ असा शेराही त्याच्या पाठीवर मारून ठेवतो.

अशा या सार्वजनिक लवादापुढे वेळोवेळी हजर राहून, तसेच राजारामपुरीतील दुकानांत सौभाग्यवतींच्या मागे पिशव्या धरून उभे राहण्याच्या काळात चिंतनास जो अवकाश मिळाला त्याचा सदुपयोग करून, मी एक सिद्धांत मांडला आहे. बालोपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या खोक्यात एक गैरहजर नातेवाईक बसलेला असतो, हा तो सिद्धांत. वस्तू नवी नसते. जुन्याच व्यवस्थेतून एक माणूस वजा केला आणि त्याच्या जागी बॅटरी घातली की ती नवी होते.

उदाहरणार्थ, झोका. आमच्या लहानपणी आजीच्या विटक्या लुगड्याची झोळी माजघराच्या आढ्याला टांगलेली असे आणि तिची दोरी ओढण्याचे काम मॅट्रिकच्या परीक्षेशी ज्याचे दीर्घकालीन वितुष्ट होते अशा धाकट्या काकाकडे वहिवाटीने आलेले असे. आता त्या जागी विजेवर चालणारा पाळणा आला असून त्याला पाच वेग, बारा सुरावटी आणि दूरनियंत्रक आहे. काका मात्र नाही, कारण यथावकाश त्याने मॅट्रिकशी समझोता केला, नोकरी धरली आणि पुण्यास बिऱ्हाड केले. यंत्र थकत नाही, पगार मागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु दोरी ओढता ओढता काका स्वतःच घोरू लागे आणि झोळीतले मूल टक्क जागे राहून त्याच्याकडे पाहत असे, त्या दृश्यातून घराला जी करमणूक विनामूल्य लाभे तिची तजवीज पाच वेगांपैकी एकाही वेगात केलेली आढळत नाही.

पांगुळगाड्याची गोष्ट याहून गंभीर आहे. आंबोली घाट उतरून सावंतवाडीस गेलेला पाहुणा चितार आळीतून जो लाकडी पांगुळगाडा घेऊन येई, तो तीन चाकांचा, रंगीत आणि स्वभावाने अत्यंत निःस्पृह असे. मुलाने स्वतः उठून उभे राहावे, दांडी धरावी आणि ढकलावे, एरवी तो जागचा हलत नसे. त्याची जागा ज्या प्लॅस्टिकच्या वॉकरने घेतली त्यात मुलाला मध्यभागी बसवून सोडून देतात, आणि ज्याला अद्याप उभे राहता येत नाही अशा प्राण्याच्या हाती एकदम वाहन दिल्यास जे होईल तेच होते. मुले त्याच्यासह जिन्यावरून कोसळतात, शिवाय त्यामुळे चालणे लवकर येते असेही नाही, असे बालरोगतज्ज्ञ कंठरवाने सांगत आले आहेत. कॅनडाच्या सरकारने तर २००४ साली या वस्तूच्या विक्रीवर बंदीच घातली. आमच्याकडे तो बारशाच्या आहेरात येतो. येथे वजा झालेला नातेवाईक म्हणजे कंबरेत वाकून, एक बोट मुलाच्या मुठीत देऊन, अंगणभर फिरणारा आजोबा. त्याचे वाकणे संधिवातामुळे बंद झाले म्हणावे, तर अंगणही वाहनतळात गेले आहे.

दुधाच्या प्रकरणी माझ्या सिद्धांताला जो पुरावा मिळाला तो प्रत्यक्ष भारत सरकारच्या दफ्तरातून मिळाला, हे नमूद करताना मला संकोचयुक्त आनंद होतो. शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांच्याविषयीचा जो कायदा १९९२ साली संमत झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला, त्याच्या अन्वये या मालाची जाहिरात करण्यास मनाई आहे. इतकेच नव्हे तर दुधाच्या भुकटीच्या डब्यावर बाळाचे अथवा स्त्रीचे चित्र छापण्यासही मज्जाव आहे. अन्य सर्व खोक्यांत नातेवाईक नुसता गैरहजर असतो. येथे त्याची तसबीरदेखील बाहेर लावता कामा नये असा जाबता आहे, आणि ती गैरहजेरी कोणाची याविषयी शंका राहू नये म्हणून मातेचे दूध सर्वोत्तम होय ही कबुली त्याच डब्यावर ठळक अक्षरांत लिहून द्यावी लागते. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याचे प्रशस्तिपत्र कपाळावर मिरवीत दुकानाच्या फळीवर उभा राहणारा दुसरा कोणताही माल मला ठाऊक नाही.

तथापि कायदा करणाऱ्यांनी गंगावेशीतील दूधकट्टा पाहिलेला नसावा. जेथे म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईकादेखत धार काढली जाते आणि ग्लासातील फेस ओठांवर असतानाच तो ग्लास रिकामा होतो, तेथे उभे राहून आमच्या परिचयाच्या एका वृद्ध वस्तादांनी मला विचारले, ‘कितव्या म्हयन्यात हाय पोरगं?’ दुसरा संपला, असे मी अदबीने सांगितले. ‘मग थांबलाईस कशाला? एक वाटी धारोष्ण दे की रोज. खासबागेत उतरवायचाय न्हवं?’ शाहू महाराजांनी १९१२ साली बांधविलेल्या त्या मैदानात माझ्या वंशातील कोणी प्रेक्षक म्हणूनसुद्धा फारसे उतरलेले नाही, ही कैफियत मी सादर केली. पण वस्तादांनी ती फेटाळून लावली. सहा महिने आईच्या दुधावाचून पाण्याचा थेंबही नको, आणि न उकळलेले दूध तर मुळीच नको, असे डॉक्टरांचे निक्षून सांगणे आहे, हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या छातीचा घेर विचारला. तो मला सांगता आला नाही, आणि वादाचा निकाल एकतर्फी लागला.

जुने ते सर्व सोने होते असे माझे म्हणणे असल्याचा प्रवाद कुटुंबात पसरला आहे, म्हणून येथे थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. सहाणेवर जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड आणि बाळहिरडा यांचे मोजून वेढे द्यायचे आणि ती गुटी बोंडल्याने पाजायची, हा विधी पाहताना मलाही हृदयात कालवाकालव होते. पण बाळ कशाने निजले हे पाहू गेल्यास त्याचे पुष्कळसे श्रेय जायफळाकडे जाते. जे ग्राइप वॉटर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आजीचा शब्द म्हणून चालत आले, ते १८५१ साली नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने तयार केले आणि मूळ कृतीत मद्यार्क होता, हे समजल्यावर आमच्या निर्व्यसनी घराण्यातील कित्येक पूर्वज कोणत्या अवस्थेत रांगले असतील याची कल्पना मी मनातून झटकून टाकली. आणि त्याहून कडू गोष्ट म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत, ही १९२० च्या सुमाराच्या सरकारी चौकशांत नोंदलेली हकिकत. ती गोळी हीसुद्धा एका गैरहजर माणसाचीच बदली होती. फरक इतकाच की त्या माणसाला घरी राहण्याची मुभा नव्हती.

कापडी लंगोटाविरुद्ध डायपर या दाव्यात मी माझा सिद्धांत भोजनोत्तर काळात, सर्व पक्षकार हजर असताना, विस्ताराने प्रतिपादन केला. पावसाळ्यात आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नसताना शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळणारे लंगोट, त्यांना येणारा धुराचा वास, त्या वासाशी निगडित झालेले आपले शैशव, आणि हे सर्व एका पाकिटात कोंबून कचऱ्याच्या गाडीत टाकणारी आधुनिक संस्कृती, अशी मांडणी करीत मी उपसंहारापाशी पोहोचत होतो, तोच आमच्या मातोश्रींनी, ज्यांना मी त्या पाकिटातील गैरहजर नातेवाईक म्हणून साक्षीस काढले होते, मला मध्येच अडवले.

‘वास तुला आठवतोय व्हय? धुतल्यात मी. थंडीत पाटंचं उठून, हात बधिर हुईस्तवर. तुझा बाप तवा पेपर वाचत हुता. तुझं ते तत्त्वज्ञान ठेव गुंडाळून, आन् येताना मोठं पाकीट आण. ल्हान महाग पडतंय.’

या जबानीची उलटतपासणी करण्याचे धैर्य मला झाले नाही. खोक्यात बसलेल्या नातेवाईकाला तेथून बाहेर पडल्याचा आनंदच झालेला असू शकतो, ही एक पोटकलमी दुरुस्ती मी सिद्धांताला जोडली आणि मोठे पाकीट आणले.

बुद्धिवर्धक साहित्याविषयी मात्र माझे मत कोणाच्याही जबानीने बदलण्यासारखे नाही. गर्भातील आणि पाळण्यातील बालकास मोझार्टचे संगीत ऐकविल्यास ते कुशाग्र होते, असे सांगून एक तबकडीवजा खेळणे आमच्या गळ्यात बांधण्यात आले. या समजुतीचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या निबंधात आहे. त्यात एकही बालक नव्हते, महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि दहा मिनिटे संगीत ऐकल्यावर कागदाच्या घड्या उलगडण्याच्या कोड्यांत त्यांना जी गती आली ती पंधरा मिनिटांच्या आसपास ओसरलीही. एवढ्या भांडवलावर १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात अर्भकास अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी खजिन्यातून रक्कम मागितली. आम्ही ज्या गावात राहतो तेथे शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची ती वक्र, बलपेंची गायकी याच हवेत मुरली. तरी ती ऐकून कोल्हापूरचे एखादे मूल गणितात पुढे गेल्याचा दावा खुद्द खाँसाहेबांच्या शिष्यांनीही कधी केला नाही. आमच्या चिरंजीवांपुरते बोलायचे तर ते मोझार्ट ऐकताना रडतात, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की शांत होतात.

खेळण्यांचा विषय शाळेच्या विषयात केव्हा शिरला हे आम्हा उभयतांच्या ध्यानातही आले नाही. चिरंजीवांचे अद्याप दात पुरते आलेले नसता एका बालशाळेच्या माहितीपत्रकात लाकडी ठोकळ्यांच्या ‘माँटेसरी संचा’ची जी किंमत मी वाचली, तीत आमच्या वडिलांचे सबंध शिक्षण आटोपून थोडी शिल्लक राहिली असती. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या. त्यांच्या शिक्षणपद्धतीचा अंगीकार करणाऱ्या ताराबाई मोडकांनी, ज्यांनी गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत त्या महागड्या उपकरणांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ते खडे आता रंगवून, पेटीत घालून, आयात शुल्कासह परत आले आहेत. आमच्या गावापुरती गंमत अशी, की १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद करावी लागली होती. त्याच पालकांची पणतवंडे आज दोन वर्षांच्या मुलासाठी पहाटे रांग लावतात आणि कोणी न ठोठावलेला दंड तिमाही हप्त्यांनी, अगाऊ, पावती घेऊन भरतात.

राहता राहिला कॅमेरा. पाळण्याच्या कडेला बसवून बाळावर नजर ठेवणारे हे यंत्र न्यू जर्सीस असलेल्या आमच्या आक्कांनी, म्हणजे बाळाच्या आत्यांनी, नजराणा म्हणून धाडले, आणि त्याने माझ्या सिद्धांताची पार उलथापालथ केली. कारण या खोक्यात नातेवाईक गैरहजर नसून पूर्णपणे हजर आहे. त्याची एक कळ आक्कांच्या फोनमध्ये आहे, त्यातून बोलताही येते, आणि आमच्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा त्यांच्याकडे दुपारचा चहा झालेला असून अंगी भरपूर उत्साह असतो. अमेरिकेत १९९४ पासून तान्ह्या मुलांना पाठीवर निजविण्याची मोठी मोहीम चालली आणि पाळण्यात उशी मुळीच नको असे तेथील डॉक्टरांचे सांगणे आहे, म्हणून काळोखात एकाएकी भिंतीतून ‘ती उशी काढा आधी!’ अशी आकाशवाणी होते. उशी मोहरीची असते. डोके गोल यावे म्हणून मातोश्रींनी ती स्वहस्ते शिवलेली असते. आणि पाठीवर निजणाऱ्या मुलांची डोकी मागून चपटी होतात, ही तक्रार त्या मोहिमेनंतर खुद्द अमेरिकेतल्या डॉक्टरांकडेही वाढली, हे मी एकदा बोलून गेल्यापासून मातोश्रींच्या हाती आयता दस्तऐवज सापडलेला असतो. तेव्हा उशी निघते, पण वादावाचून नव्हे. सात समुद्रांवरून चालणारा हा मायलेकींचा खटला ऐन रंगात असता मूल निजलेले असते आणि आम्ही उभयता जागे असतो.

परवा मातोश्रींनी यावर तोडगा काढला. ‘तुमी निजा, मी बसतो बाळाजवळ,’ असे म्हणून त्यांनी उशी स्वतःच्या डोक्याखाली घेतली आणि कॅमेऱ्याचे तोंड अलगद फिरवून भिंतीवरील अंबाबाईच्या तसबिरीकडे केले. तेव्हापासून आक्कांना न्यू जर्सीत रोज दुपारी चहानंतर देवीचे अखंड दर्शन घडते, आणि त्याविरुद्ध तक्रार कोणत्या शब्दांत गुदरावी हे त्यांना अद्याप सुचलेले नाही.