वेफरबंदी कायदा

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा आहे. 1949 सालचा, आणि अजून जिवंत. परवान्याशिवाय घोटभर घेणंही त्यात गुन्हा आहे. हे वाचून ज्यांना धक्का बसला त्यांनी हातातला ग्लास सावकाश खाली ठेवावा. ज्या राज्यानं हा कायदा पाऊणशे वर्षं इतक्या गुण्यागोविंदानं सांभाळला, तिथल्या आईबापांना घरात वेफरबंदी राबवणं जड का जावं? जात नाहीच. बंदी मुलांना लागू असते. आईबाप रात्री साडेदहानंतर विनापरवाना खातात.

पुडी फोडणं हे मात्र कसबाचं काम आहे. आधी दाराच्या फटीतून मूल खरंच झोपलंय की नुसते डोळे मिटून पडलंय ते बघायचं. मग बातम्या लावायच्या. पाच पक्षांचे पाच प्रवक्ते एकदम ओरडायला लागले की त्या गदारोळात पुडी फोडायची. चर्चेच्या कार्यक्रमांचा याहून वेगळा उपयोग निदान मला तरी ठाऊक नाही. वेफर चावायचा नाही, जिभेवर मऊ होऊ द्यायचा. कोल्हापुरात मिसळ खाताना ‘कट जरा जादा घाला’ म्हणून चारचौघांत दरडावणारा पुरुष आपल्याच सोफ्यावर अंधारात बटाट्याचा काप चोखत बसलेला असतो.

सुरुवातीला घर असं नसतं. पोर व्हायच्या आधी तर सगळं सढळ असतं. डोहाळे तिला लागतात आणि रात्री अकराला पाणीपुरी शोधायला गेलेला नवरा दोन प्लेटी तिथेच उभ्यानं संपवून तिसरी बांधून आणतो. बाळंतपणानंतर माहेरी लाडू होतात. मेथीचे बाळंतीण खाते, कारण ते कडू असतात आणि दुसरं कुणी त्यांना हात लावत नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र दर शनिवारी बाळाला बघायला येणाऱ्या जावईबापूंच्या समोर ठेवला जातो. बाळंतीण एक, आणि कंबर भरून येते भलत्याचीच.

कायद्याचं राज्य सुरू होतं सहाव्या महिन्यात, उष्टावणाच्या दिवशी. मामानं बाळाला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर भरवायची असते. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की वर्षाचं होईपर्यंत साखर नको, मीठ नको, मध तर मुळीच नको. मधाबद्दल डॉक्टरांचं बरोबर आहे. त्यात काही वेळा अशा जिवाणूंचे बीजाणू असतात की तान्ह्या मुलांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. पण ज्या आजीनं मधात सोनं उगाळून चाटवत तीन पोरं वाढवली, तिच्यासमोर हे वाक्य उच्चारायला छाती लागते. ती सुनेकडे असते. मुलाला नेमका त्याच वेळी ऑफिसचा फोन येतो आणि तो गॅलरीत जातो.

त्याची छाती दिसते दुकानात. जन्मभर वर्तमानपत्राच्या शाईसकट वडापाव खाल्लेला हा गृहस्थ (हे सदरही त्याच्या पोटात गेलं असणार) आता बिस्किटाचा पुडा उलटा धरून बारीक टायपातलं वाचत उभा राहतो. पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. मागची रांग खोळंबते, वाण्याचा पोऱ्या उसासे टाकतो. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका. तेव्हा याला आपणच खटला जिंकल्यासारखं झालं. त्यानं घरातला डबा कपाटातून बाहेर काढला, पोराला पाच मिनिटं साखरेचे दुष्परिणाम समजावले आणि डबा जप्त करून ऑफिसला नेला. तिथे तो दुपारी चारला, दूध नसल्यामुळे, चमच्यानं कोरडाच खातो.

सरकारी बंदीला निदान दाद तरी मागता येते. 2015 च्या जूनमध्ये देशभर मॅगीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती उठवली आणि नोव्हेंबरात पुडकी पुन्हा दुकानात दिसू लागली. त्या पाच महिन्यांत हॉस्टेलच्या खोल्यांत मॅगीचा साठा करून बसलेली पिढी आज आईबाप आहे. साठा करण्याची सवय गेलेली नाही, फक्त आता धाड पोटच्या पोराची पडते. म्हणून जागा बदलाव्या लागतात. माळ्यावरची बादली जुनी झाली, डाळींचे डबे सगळ्यांना माहीत. वॉशिंग मशीन धोक्याचं, एकदा चॉकलेट चादरींबरोबर धुतलं गेलं होतं. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कारल्यांच्या खाली. या देशातलं कुठलंही मूल तिथवर हात घालत नाही.

आणि सापडलोच तर? तर ‘तिखट आहे’. हे प्रत्येक मराठी घरातलं अधिकृत निवेदन आहे. वेफर तिखट, कोल्ड्रिंक तिखट, एका घरात तर आईस्क्रीमही तिखट असल्याचं जाहीर झालं होतं. पोर तीन वर्षांचं होईस्तोवर हे खपतं. पुढे ते शेजारच्या वाढदिवसाला जातं, आईस्क्रीम चाखतं, आणि शासनाची विश्वासार्हता संपते.

हॉटेलात वेगळाच खेळ. दाराजवळचं टेबल, खाणं पाळीपाळीनं: एक जेवतो, दुसरा मुलामागे धावतो. ‘लहान मूल आहे, तिखट बेतानं’ म्हणून मागवलेली मिळमिळीत भाजी आईबाप गिळतात. ज्याच्यासाठी ती तशी मागवली ते मूल कोरडा पापड खातं आणि घरी येऊन वरणभात मागतं.

इथवर आईबाप असा जोडशब्द वापरला. तो पुढे चालत नाही. बापाचं चोरून खाणं ही चैन आहे. त्याची पुडी अख्खी असते आणि तो बसून खातो. आईचं चोरून खाणं हे तिचं जेवण असतं. शाळेतून परत आलेल्या डब्यातली गार भेंडी, सँडविचच्या कापून टाकलेल्या कडा, लाल पडलेल्या सफरचंदाच्या फोडी, ‘काऊचा घास’ म्हणून पाच वेळा हवेत फिरून कुणाच्याच तोंडात न गेलेला भात. हे सगळं ती ओट्याशी उभी राहून संपवते, कारण ‘टाकवत नाही’. संध्याकाळी वजनकाट्यावर उभी राहिली की नवरा प्रामाणिक आश्चर्यानं म्हणतो, ‘अगं, पण तू तर काहीच जेवत नाहीस.’ त्याला दिसतं ते ताट. तिनं ताट वाढून घेतलंय असं झालेलंच नसतं. फोनवर आहारतज्ज्ञ बाई तिला विचारतात, दुपारी काय घेता? ती म्हणते, काही खास नाही. हे उत्तर अगदी खरं आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली. 2021 मध्ये ती उठवताना बेकायदा धंदा वाढल्याचं कारण पुढे आलं. सहा वर्षं! घरातली वेफरबंदीही साधारण इतकीच टिकते, आणि मोडतेही त्याच कारणानं. आमच्या खालच्या मजल्यावरचं पोर पाच-सहा वर्षांचं असेल. गेल्या महिन्यात एका रात्री ते पाणी प्यायला म्हणून उठलं आणि थेट सोफ्याशी येऊन उभं राहिलं. वडिलांचा हात पुडीत होता, तोंडात वेफर, समोर प्रवक्ते. आता भोकाड पसरणार असं त्यांना वाटलं. पण मुलगा महाराष्ट्रात वाढलेला. तो रडला नाही, आईला हाक मारली नाही, आजीचं तर नावही काढलं नाही. शांतपणे बाजूला बसला आणि हात पुढे केला.

तेव्हापासून हप्ता चालू आहे. सध्याचा दर एका पुडीमागे चार वेफर आणि दहा मिनिटं मोबाइल. क्रीमच्या बिस्किटांना वेगळा भाव. धाकटी बहीण आता बोलू लागली आहे, तेव्हा तिचाही वाटा धरून दिवाळीत दरवाढ होईल अशी चिन्हं आहेत.