दहा किलोवाल्या गुरुजींस, सा. न. वि. वि.

आदरणीय गुरुजी,

हे पत्र खुर्चीत बसून लिहितोय. वज्रासनात बसूनच लिहिणार होतो. पण आपल्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी माझा उजवा गुडघा जो रुसला, तो अजून मांडीही घालू देत नाही.

आपण मला ओळखणार नाही. आपल्या वहीत मी 'सतरंजी 43, वजन 86' एवढाच आहे. चौकातल्या फ्लेक्सवर आपण पद्मासनात बसला होतात आणि खाली लिहिलं होतं : '21 दिवसांत 10 किलो! औषध नाही, उपास नाही, फक्त योग!' त्यातल्या 'उपास नाही'वर मी भाळलो आणि साडेसहा हजार मोजले.

पैसे भरल्यावर गणित करणं ही माझी जुनी खोड. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या 77,000. एकवीस दिवसांनी भागलं, तर रोज साडेतीन हजारांच्या वर. माझ्या वजनाच्या माणसाने तासभर संथ आसनं केली, तर खर्च होतात दोनशेच्या आसपास. म्हणजे रोज अठरा तास आसनं आणि उरलेले सहा तास शवासन. हिशेब चोख बसतो. आपण शिबिर मात्र एकच तासाचं ठेवलंत, आणि ते संपल्यावर प्रसाद म्हणून साजूक तुपातला शिरा वाटलात. द्रोण भरून.

तरीही शेवटच्या दिवशी सगळ्यांची वजनं उतरली! आपली खरी सिद्धी ती हीच. पहिलं वजन आपण नावनोंदणीच्या संध्याकाळी घेतलंत : भरल्या पोटी, जीन्स आणि बुटांसकट. शेवटचं घेतलंत एकविसाव्या दिवशी पहाटे, शंखप्रक्षालनानंतर. कोमट मिठाच्या पाण्याचे तांब्यावर तांबे पिऊन आतडी पार धुऊन निघालेल्या माणसाला आपण काट्यावर उभं केलंत आणि टाळ्या वाजवल्यात. माझे दोन किलो उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ते घरी परत आले.

माझ्या शेजारच्या सतरंजीवर एक काकू होत्या. 'रक्तदाब आहे, कपालभाती जोरात केली तर चालेल का?' असं त्यांनी भीतभीत विचारलं. आपण म्हणालात, 'शंका हाच खरा आजार!' वाक्य सुरेख आहे. पण वाढलेल्या रक्तदाबात, हर्नियात कपालभातीचे झटके टाळावेत, हे योगाच्या साध्या पुस्तकातही छापलेलं असतं.

आणि 'औषध नाही' म्हणता म्हणता अकराव्या दिवशी निघालेला तो मेदनाशक चूर्णाचा डबा? आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 पासून या देशात आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायची नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. आपण यादी वाचली असेलच, म्हणूनच डब्यावर आपलं नाव नव्हतं.

गुरुजी, माझा राग योगावर नाही. शंभरेक वर्षांपूर्वी, 1924 मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, ते त्यांनी क्ष-किरणांखाली तपासलं. त्यांनी क्ष-किरण यंत्र वापरलं. आपल्याला साधा वजनकाटा सरळ वापरता येईना! आपण ज्या हठयोगाचं नाव घेता, त्या हठयोगप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिलं नाव अत्याहाराचं आहे, आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितलं आहे. आपण आसनं विकलीत आणि ताटाचा विषय शिऱ्याखाली दडपलात. कारण 'अर्धी पोळी कमी खा' याचा फ्लेक्स होत नाही.

आता मी रोज पाऊण तास चालतो, रात्रीचा भात सोडलाय. गल्लीतल्या एका निवृत्त बाईंकडे खुर्चीवरची आसनं शिकतो. त्या वजनाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. झोप नीट लागते आणि रात्री अकराला फ्रिज उघडायची सवय सुटत आली आहे. सहा महिन्यांत चार किलो गेले. ते परत आलेले नाहीत. योगाने चरबी जाळली नाही, मला शिस्त लावली. त्याचं काम तेवढंच आहे आणि ते लहान नाही.

फी परत मागत नाही. फक्त पुढच्या फ्लेक्सवर वजन कधी आणि कसं घेणार, तेवढं छापा.

आपला,
सतरंजी 43

ता. क. : फ्लेक्सवरच्या फोटोत आपलं पोट छान आत गेलेलं दिसतं. त्याला उड्डियान बंध म्हणतात. श्वास घ्यायची वेळ आली की तो सोडावाच लागतो.