प्रत्येकी दहा सेकंद

डिजिटल फोटो फ्रेम ही वस्तू स्वतःसाठी कोणी विकत घेत नाही. ती दुसऱ्याला द्यायची असते, आणि बहुतेक वेळा त्या दुसऱ्याने ‘मला आता काही नको’ असं आधीच जाहीर केलेलं असतं. पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा आईनेही ते केलं आणि भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खल सुरू झाला. साडी नको, कारण कपाटातल्या निम्म्या साड्यांची अजून घडी मोडलेली नाही. सोनं नको, कारण भाव ऐकून आम्हालाच घाम फुटला. शेवटी न्यू जर्सीच्या दादाने फ्रेम सुचवली, ठाण्याच्या ताईने अंगठा वर केला, आणि आई माझ्याकडे डोंबिवलीला राहते म्हणून खरेदी माझ्या गळ्यात पडली. बजेटही दादानेच ठरवलं. “फार महाग नको रे, आईला आवडणार नाही.” इतक्या लांब राहून आईची आवडनिवड अशी बरोब्बर ओळखायला मुलगा थोरलाच असावा लागतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने पहिल्यांदा मला परतवून लावायचा प्रयत्न केला. “काका, फ्रेम कशाला? टीव्हीला पेनड्राइव्ह लावा, झालं!” सल्ला चोख होता. पण आमच्या टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा मालिकांचा ताबा असतो, आणि तो सोडवायला जाण्याची माझी छाती नाही. घरातला जुना टॅब्लेट उभा करून ठेवावा म्हटलं, तर तो दिवसरात्र चार्जरला लावून ठेवल्यावर बॅटरी फुगते. तेव्हा फ्रेमच दाखवा म्हणालो.

सगळ्यांत स्वस्त फ्रेमच्या खोक्यावर 1024 गुणिले 600 असं लिहिलं होतं. म्हणजे पडद्यावर सहा लाख चौदा हजार ठिपके. आपल्या फोनचा साधा 12 मेगापिक्सेलचा फोटो एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा. म्हणजे वीस ठिपक्यांतला एक दाखवायचा आणि एकोणीस गिळायचे. आमच्या वयाच्या मंडळींना हा सौदा फायद्याचाच आहे, सुरकुत्या बहुतेक त्या एकोणिसांतच असतात.

खरी मेख पडद्याच्या जातीत निघाली. स्वस्त फ्रेममध्ये टीएन जातीचा पडदा असतो. समोरून बघितलं तर चेहरे गोरेगोमटे, खालून बघितलं की तेच चेहरे काळवंडतात आणि रंग उलटेपालटे होतात. आईचा मुक्काम खिडकीजवळच्या बुटक्या दिवाणावर आणि फ्रेम बसणार शोकेसच्या वरच्या फळीवर, त्यामुळे तिला सगळं गोत खालूनच दिसणार. म्हणून मी दुकानात उकिडवा बसलो आणि मान वर करून फ्रेमकडे बघू लागलो. मालकाने घाबरून पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. पाणी प्यायलो आणि आयपीएस पडद्याची, 1280 गुणिले 800 ठिपक्यांची, दहा इंची फ्रेम उचलली. ती कुठूनही पाहिली तरी माणूस ओळखू येतो. वरचे पैसे दादाला कळवले. त्याने अंगठा पाठवला, पैसे नंतर.

फोटो भरायचं काम ताईच्या मुलाने अंगावर घेतलं. हल्लीच्या मुलांचा वेग दांडगा. त्याने घरातल्या प्रत्येकाच्या फोनची गॅलरी उचलली आणि 32 जीबीच्या कार्डात रिकामी केली. समारंभाच्या दिवशी औक्षण झालं, टाळ्यांच्या गजरात फ्रेम सुरू झाली, आणि पहिला फोटो आला गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेला. दुसरा माझ्या आधार कार्डाचा. तिसरा आईच्या गुडघ्याचा एक्स-रे, जो पाहून शेजारच्या काकूंनी “अगं, फार झिजलाय गं” म्हणून वाढदिवसाच्या गप्पांना वळण दिलं. मग आमचं लग्न आलं, आडवं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं पडलेले आणि वऱ्हाड भिंतीवरून अक्षता टाकतंय.

यात भाच्याचा दोष नव्हता. फोन कसाही धरला तरी कित्येक फोटो आडवेच साठवले जातात, आणि सोबत ‘दाखवताना उभा करा’ अशी चिठ्ठी फाइलमध्ये लिहिलेली असते. स्वस्तातल्या बऱ्याच फ्रेमी ही चिठ्ठी उघडतच नाहीत. संगणकावर फोटो फिरवून पुन्हा जतन केला की माणसं उठून उभी राहतात. पण उभी राहिली की नवी पंचाईत. पडदा आडवा आणि हल्ली फोटो काढतात उभे. ‘फिट’ ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, ‘फिल’ केलं तर पडदा भरतो पण मुंडकी उडतात. आमचे उंच भावोजी कित्येक दिवस फक्त खांद्यापर्यंत येत होते.

दादा तर आलाच नाही. 2017 पासून आयफोन आपले फोटो हेइक नावाच्या प्रकारात साठवतो, आणि साध्या फ्रेमला जेपेग सोडून दुसरी भाषा कळत नाही. न समजलेला फोटो ती मुकाट्याने ओलांडते. ज्याने फ्रेम सुचवली त्याचं अख्खं कुटुंब त्यातून गायब! न्यू जर्सीहून वहिनींचा फोन आला, “आम्हाला मुद्दाम वगळलंय का?” मी त्यांना फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगितलं. हे मी टोमणा म्हणून बोललो असं त्यांचं अजून मत आहे.

छत्तीसच्या रोलच्या काळात ही भानगड नव्हती. अख्ख्या मुंजीला एक रोल. त्यातले दोन-तीन उजेडाने जायचे, एकात फोटोग्राफरचा अंगठा यायचा, उरलेल्यांत सगळ्यांना बसवायचं. कोणाला घ्यायचं हे रोलची किंमत ठरवायची, त्यामुळे रुसवे झाले तरी ते त्या दिवसापुरते. आता हिशेब बघा. फोटो चार एमबीचा धरला तर 32 जीबीत साधारण आठ हजार मावतात. दहा सेकंदाला एक या वेगाने सकाळी आठ ते रात्री दहा फ्रेम चालू ठेवली तर दिवसाला पाच हजार चाळीस. म्हणजे प्रत्येकाची पाळी दीड दिवसाने. पाहुणा आपला नंबर लागेपर्यंत हलत नाही, आणि दुसऱ्याचा दोनदा लागला की तोंड पाडतो.

बाबांच्या तिथीला तर कहर झाला. आईने सकाळी फ्रेममध्ये बाबांना पाहिलं आणि हातातलं फूल तिथेच फळीवर वाहिलं. डोळे मिटून नमस्कार केला. दहा सेकंद सरली. डोळे उघडले तेव्हा फुलामागे भावोजी हसत होते. खुद्द भावोजी समोरच्या सोफ्यावर बसलेले. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतलं. आता तिथीला मी बाबांवर फ्रेम थांबवून ठेवतो आणि भावोजी येण्याआधी फोनवर खात्री करून घेतात.

रात्रीची गंमत आणखी वेगळी. वीज गेली की आमच्या फ्रेमचं घड्याळ शून्यावर जातं आणि वीज आल्यावर तिथूनच मोजायला लागतं. मग तिची सकाळ रात्री अडीचला होते. पाणी प्यायला उठलेल्या माणसाला अंधाऱ्या हॉलमध्ये मोठ्या आत्याबाई प्रसन्न चेहऱ्याने दर्शन देतात. त्या वारल्यात हे आठवायला दोन सेकंद लागतात, आणि ती दोन सेकंद वाईट असतात.

शेवटी आईच म्हणाली, “ते कार्ड इकडे दे, मी निवडते.” भाच्याला शेजारी बसवून तिने दोनशेच फोटो ठेवले. त्यांत निम्म्याहून जास्त तिचे स्वतःचे. कॉलेजातली आई, नाटकातली आई, महाबळेश्वरला गॉगल लावलेली आई. ताई काही बोलू बघत होती, पण पंचाहत्तरी आईची होती.

तुम्ही घेणार असाल तर दहा इंची, आयपीएस पडद्याची आणि कार्डावर चालणारी घ्या. फोटो परगावाहून येणार असतील तरच वायफायवाली, आणि तिला बहुधा 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं हे आधी पाहा. विजेचं म्हणाल तर दहा वॉट धरले तरी दिवसाला चौदा तास चालवून महिन्याला सव्वाचार युनिट होतात. फोटो मात्र दोनशेच्या वर घालू नका. दोनशे फोटो तेहतीस मिनिटांत फिरून येतात आणि चहाला आलेला पाहुणा साधारण तेवढाच वेळ बसतो.