वेळेची उचल

माणसाचा वेळ मोलाचा असतो, असं केजमध्ये कुणाला सांगून बघा. टपरीवरचे चौघे आधी सरकून तुम्हाला जागा देतील, चहा सांगतील आणि मग निवांत विचारतील, "बोला, काय भावानं?"

अर्थशास्त्रज्ञांकडे भाव तयार आहे. गॅरी बेकर या अमेरिकी पंडितानं १९६५ साली मांडलं, की तास घालवलात म्हणजे त्या तासाची मजुरी घालवलीत. पुढे त्यांना नोबेलही मिळालं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांनी भागा, तासाला ३९. टपरीवरच्या चौघांचे तासाला १५६ रुपये बुडतात. हे ऐकून त्यांनी आणखी एक चहा सांगितला. एवढं नुकसान कोरड्या घशानं कसं सोसायचं?

दुसरी रीत अशी, की वेळ वाचवायला माणूस किती पैसे मोजतो ते बघायचं. नवे रस्ते परवडतात का, हे ठरवताना वाचलेल्या मिनिटांचे असेच रुपये करतात. मी ही रीत अंबाजोगाईच्या काळीपिवळीत लावून पाहिली. "एकच सीट, निघालो!" असं म्हणत ड्रायव्हर अर्धा तास उभा. आत आम्ही दहा जण. म्हणजे १९५ रुपयांचा वेळ चालला होता, आणि रिकाम्या सीटचं भाडं त्याच्या निम्मंही नव्हतं. म्हटलं, वर्गणी काढू आणि निघू. एका आजोबांनी मला नीट न्याहाळलं. "वर्गणी देऊ हो. पण ह्यानं वाटंत अजून एक बसवला तर?"

बेकरसाहेबांनी याचं उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

ऊसतोडीत तर घड्याळाचा संबंधच नाही. तिथं भाव टनावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो ती कोयत्याला. त्यात बाईचे तास किती, हे ना मुकादम विचारतो ना कारखाना. फडातून येऊन ती चूल पेटवते, ते तर कुठल्याच टनात बसत नाही.

सरकारनं मात्र हे मोजलं. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात याच आकड्यांचा आधार घेतला. म्हणजे घरातल्या बाईच्या वेळेची किंमत निघते. फक्त त्यासाठी आधी तिचा अपघात व्हावा लागतो.

इतकं थांबायला नको म्हणून मी मावशीचा हिशेब जिवंतपणीच मांडला. २९९ मिनिटं, रोजगार हमीच्या दरानं दिवसाला सुमारे १९४ रुपये. वर्षाचे जवळपास ७१ हजार. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. काका तातडीनं म्हशीला पाणी दाखवायला उठले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

मावशीनं भाकरी उलटली. "आवो, बसा खाली. मागची बाकी मी सोडली. फुडच्या सालाची उचल तेवढी आज द्या. न्हाईतर मुकादम बदलते."